बधिर पाऊल आणि मद्याचे माप

तंजावरचे नाव निघाले की मराठी वाचकास प्रथम आठवते ते भोसल्यांचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय. या वंशातील दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांनी तेथे धन्वंतरी महाल नावाची वैद्यकसंस्था चालविली होती, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. तेथील वैद्यांनी अनुभवास उतरलेले उपचार निवडून ते तमिळ पद्यात ग्रथित केले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ते पुढे छापून निघाले, आणि त्यांत मधुमेहाच्या उपचारांनाही स्थान आहे. सरफोजींच्या काळी नेत्ररोग्यांवर झालेल्या उपचारांची सचित्र टिपणे आजही त्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. रोग्याचे गाऱ्हाणे ऐकावे, जे दिसले ते लिहून ठेवावे आणि मग उपाय सांगावा, अशी ही रीत होती. याच रीतीने पाहावा असा एक प्रश्न या पत्रिकेत घेतला आहे. ज्या मनुष्याच्या पायांतील मज्जातंतू दुखावले आहेत, त्याने माफक प्रमाणात मद्य घेतले तर चालेल काय?

प्रश्न लहान दिसतो. परंतु तो विचारणारा बहुधा संकोचाने विचारतो, आणि पुष्कळदा विचारीतच नाही. घरातील मंडळी म्हणतात, ‘एक थेंबही विषच.’ स्नेही म्हणतात, ‘थोडीशी तर औषधासारखी, अंगात ऊब येते, दुखणे विसरते.’ दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी मज्जातंतूकडे पाहिलेले नसते. आपण प्रथम तिकडे पाहू.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आपण बोलताना ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीलाही लावतो आणि मज्जातंतूलाही. तमिळ भाषेतील ‘नरम्बु’ या शब्दाची व्याप्ती तर याहून मोठी आहे. मज्जातंतू, शीर आणि वीणेसारख्या वाद्याची तार, या सर्वांना तो चालतो. तंजावर हे वीणा घडविणाऱ्यांचे गाव असल्यामुळे तेथे तो कानाला विशेष गोड लागतो. पण या सरमिसळीतून एक गैरसमज उत्पन्न होतो. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या काही वेळ रुंद होतात व ऊब वाटते. तेवढ्यावरून ‘नसा मोकळ्या झाल्या’ असे मनुष्य समजतो. मोकळ्या होतात त्या रक्तवाहिन्या. मज्जातंतूला त्या उबेचा काहीही लाभ होत नाही.

मज्जातंतू ही शरीरातील एक विलक्षण रचना आहे. पावलाच्या अंगठ्याला झालेला स्पर्श वर कळविणाऱ्या पेशीचे मूळ शरीर कमरेच्या कण्याजवळ असते आणि ते डोळ्यांना दिसणार नाही इतके लहान असते. पण तिचा धागा सुमारे एक मीटर लांब जातो. या धाग्याला लागणारी द्रव्ये मूळ पेशीत तयार होतात आणि धाग्याच्या आतून टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. त्यांतील वेगवान वाहतूक दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर होते. म्हणजे अंगठ्यापर्यंत माल पोहोचण्यास अडीच दिवस लागतात. काही द्रव्ये तर दिवसाला अवघे काही मिलिमीटर सरकतात. कावेरीच्या कालव्यांवर शेती करणाऱ्यास हे चटकन समजेल. वर पाणी कमी पडले की प्रथम सुकते ते कालव्याच्या शेपटाकडचे शेत. तद्वत, पेशीचे पोषण बिघडले किंवा तिच्यावर विषाचा परिणाम झाला की सर्वांत लांब धाग्यांची टोके आधी कोमेजतात. म्हणूनच या विकाराचा आरंभ बहुधा दोन्ही पायांच्या बोटांपासून होतो, आणि बधिरता मोजे चढावेत तशी हळूहळू वर येते.

मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे, रात्री टाचण्या टोचल्यासारखे वाटणे, कापसावर चालल्याचा भास होणे ही याची लक्षणे आहेत. वेदना असते तोवर मनुष्य पायाकडे लक्ष तरी देतो. खरा धोका वेदना संपल्यावर सुरू होतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, जे १०१० साली पूर्ण झाले, दर्शनाला अनवाणी जावे लागते. चैत्र-वैशाखातील दुपारी तेथील दगडी फरसबंदीवर निरोगी मनुष्य दोन पावले टाकताच सावलीकडे धावतो. ज्याचे तळवे बधिर झाले आहेत तो मात्र शांतपणे प्रदक्षिणा पूर्ण करतो आणि घरी आल्यावर पायाला फोड आलेले पाहतो. मधुमेही रोग्यांच्या पायांना अशा रीतीने भाजल्याच्या जखमा झालेल्या भारतीय डॉक्टरांनी पाहिल्या आहेत. अशी जखम चिघळली तर बोट, आणि कधी पाऊलही, कापावे लागते.

स्पर्शाबरोबर तोलही जातो. तंजावरची डोलणारी बाहुली आपणांपैकी कित्येकांनी पाहिली असेल. तिचा तळ गोल व जड असतो, म्हणून कितीही ढकलली तरी ती पुन्हा उभी राहते. मनुष्याच्या अंगात असे वजन नाही. आपले पाऊल कोठे व कसे टेकले आहे याची वार्ता मज्जातंतू मेंदूला क्षणोक्षणी देतात, म्हणून आपण उभे राहू शकतो. ती वार्ता थांबली की मनुष्य डोळ्यांच्या आधारावर तोल सांभाळतो. आणि तोंड धुताना डोळे मिटले, किंवा रात्री दिवा गेला, की झोकांडी जातो. डॉक्टर रोग्यास पाय जुळवून डोळे मिटण्यास सांगतात ते हेच पाहण्यासाठी. मद्य निरोगी मनुष्याचाही तोल बिघडविते, हे सांगावयास नको. ज्याचा तोल आधीच डोळ्यांवर अवलंबून आहे, त्याला एक पेलादेखील निराळा पडतो.

मद्य आणि मज्जातंतू यांचा संबंध वैद्यकास फार पूर्वी कळला. बोस्टनचे डॉक्टर जेम्स जॅक्सन यांनी १८२२ साली कडक मद्य पिणाऱ्यांच्या हातापायांत होणाऱ्या वेदना व दुर्बलता यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पण मद्य हे करते कसे? या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर दारूच्या गुत्त्यातून आले नाही; ते भाताच्या ताटातून आले, आणि तंजावरला भाताचे कोठार म्हणतात म्हणून ते येथे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे.

जावा बेटावर डच वैद्य क्रिस्तियान आइकमन हे बेरीबेरी या रोगाचा अभ्यास करीत होते. या रोगात पाय लुळे पडतात व हृदयही दुबळे होते. १८९० च्या सुमारास त्यांनी असे पाहिले की, सडीक पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लंगडू लागतात आणि कोंड्यासह तांदूळ दिला की बऱ्या होतात. कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक द्रव्य आहे, हा विचार पुढे त्यातून दृढ झाला, आणि १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकात आइकमन यांना वाटा मिळाला. ते द्रव्य म्हणजे थायमिन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. १९३६ साली प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार करणारे रॉबर्ट विल्यम्स यांचा जन्म १८८६ साली नेल्लोर येथे, म्हणजे त्या वेळच्या मद्रास इलाख्यातच झाला होता. भारतात बेरीबेरीचे ठाणे आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर होते, कारण तेथे गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खात. तमिळ प्रदेश भातच खात असूनही बव्हंशी सुटला. तेथे साळ आधी भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडतात. या उकड्या तांदळाच्या प्रक्रियेत कोंड्यातील थायमिन आतल्या दाण्यात उतरते व सडल्यावरही बरेचसे टिकते. ज्या गृहिणींनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली त्यांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या घरातील पाय मात्र शाबूत राहिले.

आता मद्याकडे वळू. शरीरात थायमिनचा साठा अवघा २५ ते ३० मिलिग्रॅम असतो व आहारातून ते मिळाले नाही तर दोनतीन आठवड्यांत तो संपत येतो. मद्यपी मनुष्य जेवण टाळतो. जे जेवतो त्यातील थायमिन आतड्यात नीट शोषले जात नाही. आणि यकृत बिघडल्यावर ते साठतही नाही. बोस्टनचेच डॉक्टर मॉरिस स्ट्रॉस यांनी १९३५ साली एक धीट प्रयोग प्रसिद्ध केला. मद्यपानाने मज्जातंतू बिघडलेल्या दहा रोग्यांना त्यांनी रोजची व्हिस्की चालू ठेवू दिली, पण बरोबर सकस आहार व ब जीवनसत्त्वे दिली. आणि रोगी सुधारले. यावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की, दोष उपासमारीचा आहे, मद्याचा नाही. पोटभर जेवा, गोळी घ्या आणि खुशाल प्या. हा निष्कर्ष कानाला इतका सोयीचा आहे की तो अद्यापि बैठकींतून ऐकू येतो.

तो अपुरा आहे. जपानातील नागोया येथील कोइके व त्यांचे सहकारी यांनी २००३ साली दोन प्रकारच्या रोग्यांच्या मज्जातंतूंचे सूक्ष्म नमुने तुलनेसाठी तपासले. एका गटात थायमिनचा अभाव होता. दुसऱ्या गटात थायमिन पुरेसे होते, पण दीर्घकाळ मद्यपान झालेले होते. दोन्हींचे चित्र निराळे निघाले. थायमिनच्या अभावी रोग झपाट्याने वाढतो आणि मुख्यतः स्नायूंची शक्ती जाते. केवळ मद्याने होणारा विकार संथ असतो, त्यात आग व वेदना प्रमुख असतात, आणि वेदना व उष्णता कळविणारे अत्यंत बारीक धागे विशेष नष्ट होतात. म्हणजे मद्य उपाशी मनुष्याचे मज्जातंतू तर बिघडवितेच. पण पोटभर जेवणाऱ्याचेही स्वतःच्या विषारी गुणाने बिघडवू शकते. स्ट्रॉस यांचे रोगी सुधारले ही गोष्ट खोटी ठरत नाही. ते त्यांच्या रोगातील आहाराच्या भागापुरते सुधारले, असे म्हणणे योग्य होईल.

मग ‘माफक’ म्हणजे किती? या शब्दाइतका लवचिक शब्द कोशात क्वचितच सापडेल. चरकसंहितेत मदात्यय या विकारावर स्वतंत्र अध्याय आहे, आणि मद्य कोणी, कसे, कोणत्या ऋतूत व कशाबरोबर घ्यावे याचा विचार त्यात केला आहे. प्रमाणाचा विवेक आपल्याकडे नवा नाही. आधुनिक देशांनी हे प्रमाण ‘एक पेला’ या मापाने ठरविले, पण पेलाच एक नाही. त्यात शुद्ध मद्यार्क इंग्लंडात ८ ग्रॅम, भारतात बहुधा १० ग्रॅम, अमेरिकेत १४ ग्रॅम आणि जपानात सुमारे २० ग्रॅम धरतात. तेव्हा ‘दोन पेल्यांपर्यंत चालते’ हे परदेशी वाक्य भाषांतरात जसेच्या तसे उतरविणे धोक्याचे आहे. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याने हे तरी सांगितलेच पाहिजे.

आपल्या दुकानांतील हिशेब असा आहे. भारतीय व्हिस्की, ब्रँडी वा रम यांत मद्यार्काचे प्रमाण आकारमानाने सामान्यतः ४२.८ टक्के असते. ३० मिलिलिटरचा लहान पेग घेतला तर सुमारे १० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. ज्याला सर्रास ‘क्वार्टर’ म्हणतात ती १८० मिलिलिटरची बाटली म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम, अर्थात असे सहा पेले. ५ टक्क्यांच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली म्हणजे २५ ग्रॅमहून अधिक. ८ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअर असेल तर ४१ ग्रॅम. निरोगी यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम मद्यार्काचा निकाल लावते. ‘मी रोज एक क्वार्टरच घेतो, फार नाही’ असे सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याने बाटल्या मोजलेल्या असतात, मद्यार्क मोजलेला नसतो.

तमिळनाडूत हा विषय राज्यकारभाराचाही आहे. १९३७ साली सेलम जिल्ह्यात दारूबंदीचा आरंभ झाला व १९४८ साली ती साऱ्या मद्रास प्रांतात लागू झाली. १९७१ मध्ये ती उठली, पुन्हा लागली, पुन्हा उठली. १९८३ साली स्थापन झालेल्या सरकारी महामंडळाकडे २००३ पासून किरकोळ विक्रीचाही मक्ता आला. बंदीच्या बाजूचा वा विरुद्धचा वाद येथे घालण्याचे प्रयोजन नाही. एवढेच नमूद करावे की, चोरट्या दारूत मिसळलेले मेथिल अल्कोहोल डोळ्याच्या मज्जातंतूवरच घाला घालते. जून २०२४ मध्ये कळ्ळकुरिची येथे अशा दारूने साठाहून अधिक माणसे दगावली. त्या विषाला ‘माफक’ असे माप मुळीच नाही.

आतापर्यंत ज्याचा विकार मद्यातूनच उद्भवला आहे त्याचा विचार झाला. त्याच्यापुरते उत्तर स्पष्ट आहे: पूर्ण बंद. मात्र जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पीत आला आहे त्याने ते घरच्या घरी एकाएकी सोडू नये. अशा मनुष्यास दोनतीन दिवसांत थरकाप, भ्रम व झटके येऊ शकतात आणि ते जिवावरही बेततात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन देऊन, हे करावयाचे असते.

परंतु आपल्या देशात पाय बधिर होण्याचे मोठे कारण मधुमेह हे आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे सुमारे दहा कोटी माणसे, असे आढळले. समजा, तंजावरचा एक निवृत्त लिपिक आहे. मधुमेहास पंधरा वर्षे झाली, तळवे जळतात, आणि शनिवारी सायंकाळी जुन्या सोबत्यांबरोबर दोन लहान पेग घेणे एवढाच त्याचा विरंगुळा आहे. त्याचा विकार मद्याने झालेला नाही. त्यालाही तेच कठोर उत्तर द्यावे काय?

येथे प्रामाणिकपणे दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत. युरोपातील पहिल्या प्रकारच्या मधुमेही रोग्यांच्या एका मोठ्या पाहणीत, जी २००८ साली प्रसिद्ध झाली, माफक मद्य घेणाऱ्यांत मज्जातंतूंचा विकार न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. हे वाचून आमच्या लिपिकास आनंद होईल. पण अशा पाहणीत ‘न पिणारे’ कोण असतात हे पाहावे लागते. प्रकृती बिघडल्यामुळे ज्यांनी पिणे सोडले तेही त्यातच मोजले जातात. तेव्हा न पिण्याने प्रकृती बिघडली की प्रकृती बिघडल्याने पिणे सुटले, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले की, आरोग्यास निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. निरोगी मनुष्याविषयी ही स्थिती आहे. आधीच दुखावलेला मज्जातंतू किती सोशील याची रेषा कोणीही आखून दिलेली नाही. देशोदेशींच्या पेल्यांची मापे धडधाकट माणसे डोळ्यांपुढे ठेवून बसविलेली आहेत. ती या लिपिकाच्या पायाला लावता येत नाहीत.

शिवाय त्याच्या पेल्याची गाठ मज्जातंतूच्या आधी औषधांशी पडते. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने मद्य घेतले, विशेषतः रिकाम्या पोटी, तर यकृत मद्यार्काचा निकाल लावण्यात गुंतते आणि रक्तात नवी साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते. मग मध्यरात्री साखर धोकादायक खाली जाते. आणि बरळणारा, घामेजलेला मनुष्य ‘प्यायलेला आहे’ असे समजून घरचे त्याला झोपू देतात. तळव्यांच्या आगीवर दिली जाणारी गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन ही औषधे स्वतःच गुंगी आणतात; मद्यासह ती गुंगी कितीतरी वाढते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि ते कमी झाले तर मज्जातंतूंचा आणखी एक शत्रू उभा राहतो. त्यावर उपाय म्हणून दुकानातून मनाला येईल तशा ‘नसांच्या गोळ्या’ घेणेही बरे नव्हे. ब-६ हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर त्यानेच मज्जातंतू बिघडतात.

‘पण घेतल्यावर दुखणे कमी होते,’ हे रोग्याचे म्हणणे मात्र धुडकावून लावू नये. मद्य वेदना काही काळ खरोखरच बोथट करते. अडचण अशी की, त्यासाठी लागणारी मात्रा माफक राहत नाही, हळूहळू वाढत जाते, आणि उतार पडताना वेदना अधिक तीव्र होते. झोप लवकर येते पण पहाटे मोडते. आणि पायांची आग तर रात्रीच अधिक छळते. म्हणून पेला हे वेदनेचे औषध म्हणून चालत असेल, तर डॉक्टरांना पहिली गोष्ट तीच सांगावी.

तेव्हा आमच्या लिपिकाने काय करावे? प्रथम, आपला विकार कशाने झाला हे रक्ततपासणी करून निश्चित करावे. एकाच मनुष्यात मधुमेह, ब-१२ चा अभाव आणि मद्य ही तिन्ही कारणे असू शकतात. आपण किती पितो हे पेल्यांत न सांगता मिलिलिटरमध्ये सांगावे. औषधांची यादी दाखवावी. हे सर्व पाहून एखादा डॉक्टर त्याला ‘क्वचित, जेवणाबरोबर, एक लहान पेग’ एवढी मुभा देईलही. पुष्कळ डॉक्टर देणार नाहीत. मुभा मिळाली तर त्या रात्री साखर तपासावी, जिन्यात दिवा ठेवावा, आणि झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहावेत. ती न मिळाल्यास शनिवारची बैठक मोडण्याचे कारण नाही. सोबती तेच, गप्पा त्याच. आणि तंजावरच्या फिल्टर कॉफीला कोणत्याही बैठकीत मान आहे. दुसऱ्याच्या पेल्यात डोकावून आग्रह करणारा सोबती मात्र आपल्याकडे फार आढळतो, आणि त्याला एकदा स्पष्ट शब्दांत सांगावे लागते.

पिणे बंद केल्यावर सुधारणा होते काय, हे रोगी लगेच विचारतात. होते, पण सावकाश, आणि पूर्ण होईलच असे नाही. तुटलेला धागा पुन्हा वाढतो तेव्हा त्याची गती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर असते. कमरेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर या हिशेबाने जवळजवळ तीन वर्षांचे आहे. बिघाड केवळ टोकाशी असेल तर काही महिन्यांचे. मूळ पेशीच मेली असेल तर धागा पुन्हा वाढत नाही. डॉक्टर नायलॉनचा एक जाड धागा पायाच्या तळव्यावर ठरावीक ठिकाणी, तो किंचित वाकेपर्यंत टेकवतात. तो वाकतो तेव्हा दाब १० ग्रॅम असतो. रोग्याने डोळे मिटून कोठे स्पर्श झाला ते सांगावयाचे असते. सहा महिन्यांपूर्वी दहा जागांपैकी चार कळत होत्या, आज सहा कळल्या, असे कागदावर लिहिले जाते.